कात्रीचं मत

ज्याचं तोंड पाहायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, नेमका तोच जिन्यात समोर आला. हातात तिची छत्री. बैठकीतून तरातरा निघताना ती खुर्चीलाच राहिली होती.

प्रोग्रामिंगच्या भाषेची नवी आवृत्ती निघाली की तिच्यासोबत कोणती एक्स्टेन्शन्स, म्हणजे जोडीची जादा साधनं, आपोआप मिळावीत, हे त्यांची समिती मतदानानं ठरवायची. हा दर बैठकीत काहीतरी छाटायला निघायचा, म्हणून तिनं त्याचं नाव कात्री ठेवलं होतं. दोघं कडाकडा भांडायची, आणि भांडण झालं नाही की तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आज मात्र विषय तिच्या एक्स्टेन्शनचा होता. बंद पडलेल्या प्रोग्रामांच्या जुन्या फायली ते वाचायचं. तिच्या मावशीच्या वाचनालयासारखी कितीतरी वाचनालयं त्यावर चालायची, आणि तिथे वेगळं काही बसवून द्यायला कुणीच नसायचं. एका मतानं ते बाहेर गेलं. कात्रीनं हात वर केलाच नव्हता.

“विरोधात गेला असतास तरी चाललं असतं,” ती म्हणाली. “नुसता ढिम्म बसून राहिलास.”

“मला मत नव्हतं. सांभाळणाऱ्यांना नसतं...”

नियम तिला पाठ होता. सांभाळणारी दोन माणसं असल्याशिवाय एक्स्टेन्शन मतदानाला येत नाही, आणि त्या दोघांना मत देता येत नाही. दुसरं माणूस तिला मिळालंच नव्हतं. अध्यक्षबाईंनी कानाडोळा केला, असं ती धरून चालली होती.

“तू? मला न विचारता नाव दिलंस?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.”

“म्हणालेच असते. कुणालाही पकडून आणलं असतं मी. मला तुझं मत हवं होतं, मूर्खा.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा तिला आणखीच संताप आला. त्यानं चूक कबूल केली. पण नाव काढणार नाही म्हणाला. वाचनालयांना सहज बसवता येईल असं करू, पुढच्या आवृत्तीला पुन्हा मांडू.

“आणि मला नुसतं एक्स्टेन्शनच...” तो अडखळला.

“मला सांभाळायला कुणी नकोय.”

“माहितीये. मला हवंय.”

ती जिना उतरू लागली. दोघं दारापर्यंत आली. बाहेर पाऊस चांगलाच लागला होता.

“तुझं नाव मी काढणार आहे,” ती म्हणाली. त्याचा चेहरा उतरला. “पुढच्या वेळी तुझं मत लागेल.”

“मग मी करू काय तोवर?”

ती अजून रागातच होती. तरी त्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

“छत्री धर,” ती म्हणाली. “उंच आहेस.”