सांडूबाबांची चाल

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शनला चार वर्षं झाली होती. रविवारी सकाळी छावणीतल्या चर्चसमोर भानुमतीच्या सायकलची चेन पडली. वाकून ती चेन बसवत होती, तेवढ्यात आतून एक गाणं ऐकू आलं.

मुलींच्या शाळेत ती गाणं शिकवायची. चाली तिला नव्या नव्हत्या. पण ही... ही चढता चढता मध्येच थांबायची, ऐकणाऱ्याचा श्वास अडकवायची आणि मग हलकेच सोडायची. काळ्या हातांनीच ती दारात जाऊन उभी राहिली.

प्रार्थना संपली. पेटी वाजवणारा उंच तरुण, शांतवन, बाहेर आला.

"कुणाला शोधताय, बाई?"

"ह्या चालीला! कोणत्या गोऱ्या साहेबानं बांधली?"

"साहेबानं नाय." तो हसला. "आमच्या सांडूबाबानं. पडेगावला दोर वळतेत."

"भेटतील?"

"भेटतील की. पण... आधी हात पुसा." त्यानं रुमाल पुढं केला, आणि उगाच लाजला.

पुढच्या रविवारी दुपारी दोघं पडेगावला गेली. अंगणात म्हातारे सांडूबाबा दोर वळत बसले होते.

"बाबा, ही चाल सुचली कशी?"

"सुचली कुठं, पोरी? माझी लक्ष्मी पटकीनं तीन दिस पडून व्हती. तिचा श्वास जेवढा, तेवढीच मी देवाची ओळ म्हणायचो. श्वास अडला की मी बी थांबायचो. वाटायचं, आपण म्हणत राहिलो तर ही बी राहील."

"आणि... शेवटची, श्वास सोडणारी ओळ?"

"ती माझी नाय. तिसऱ्या दिशी हिनं डोळे उघडले अन् हिनंच म्हटली."

"अन् ह्यांना ती अजून सुरात येत नाय!" दारातून लक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात चहाच्या कपबशा होत्या.

भानुमतीच्या अंगावर सरसरून काटा आला. स्वर लिहून घ्यायला काढलेली पेन्सिल तशीच राहिली. ती उठली आणि दोघांच्याही पाया पडली.

परतताना दौलताबादच्या रस्त्यावर दोघं सायकली हातात धरून चालत होती.

"तुम्ही वैजनाथपंतांच्या कन्या," शांतवन अडखळला, "अन् मी ख्रिस्ताचा माणूस. मनातलं बोलून तरी काय—"

"माझे बाबा रागावतील. महिनाभर बोलणार नाहीत."

"मग?"

"मग बोलतील. तीन दिवस श्वासामागं गाणारं माणूस पाहिलं मी आज. महिन्याचं काय घेऊन बसलात?" ती थांबली. कानापर्यंत लाल झाली होती. "फक्त मागणी घालायला रविवारी येऊ नका... तुम्हाला पेटी वाजवायची असते. शनिवारी या."