रांजणामागची चप्पल

या, जवळ सरका. बुवा आख्यान लावतात तसं लावतो. फक्त हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

बऱ्हाणपुरात आमच्या राममंदिराच्या ओट्यावर मी दुपारी आयाबायांना इंग्रजी शिकवतो. दापोऱ्याच्या कोकिळाबाई नातीचा अभ्यास घेता यावा म्हणून यायच्या. त्यांचे मालक यादवभाऊ आमच्या कीर्तनात झांज धरायचे. काय गोड हात! बारा वर्षांपूर्वी तापीच्या पुरात गेले. देह मिळाला नाही. बाईंनी कुंकू पुसलं नाही. बारा वर्षं वाट पाहिली, की माणूस गेलाच असं धरतात; ती आता उलटली होती. मी सांगतोय त्याच्या दुसऱ्या दिवशी घाटावर त्यांची मुलं दर्भाचा पुतळा करून अग्नी देणार होती.

त्या दुपारी फळ्यावर तीन शब्द होते: मस्ट, माइट, कान्ट.

"खूण पाहायची आणि खात्री असेल तेवढंच बोलायचं. नक्की असणार, असेलही, शक्यच नाही."

उदाहरण शोधत मी पायरीकडे पाहिलं. बायकांच्या चपलांत एकच पुरुषी चप्पल होती.

"सांगा, कुणाची?"

"लंगडा माइट, सर," वैशाली म्हणाली. "नहीं तो दुसरी कुत्रा ले गया!"

सगळ्या हसल्या. कोकिळाबाई हसल्या नाहीत.

चप्पल ओली होती. ऐन वैशाखात. तिचा अंगठा केळीचा घड बांधायच्या निळ्या दोरीनं शिवलेला होता, यादवभाऊ शिवायचे तसा.

"कीर्तनाले आले का ते एक चप्पल इथं काढायचे, एक तिथं," बाई हळूच म्हणाल्या. "जोडी दिसली तर चोर नेतो म्हणे."

त्या उठून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. पाण्याच्या रांजणामागे वाकल्या.

दुसरी तिथं होती. निथळत.

"बाई, कान्ट," मी म्हणालो. "शक्यच नाही."

"बारा वर्षं 'असतीलही' म्हणून काढली, सर. आता राहू द्या." त्यांनी दोन्ही चपला पदरात घेतल्या. "पोरांना सांगा, पुतळा करू नका. झांज घरीच आहे, तेवढी घेऊन येते."

त्या घरी पोचल्याच नाहीत. तापीत शोधलं, पण तिला तेव्हा घोट्याएवढंच पाणी होतं; बाई सापडल्या नाहीत.

तेव्हापासून दर गुरुवारी, कीर्तन रंगात आलं की पायरीशी एक बायकी चप्पल दिसते. ओली. मी रांजणामागे पाहायला जात नाही.

कधी आलात आणि दिसली, तर तुम्हीही जोडी शोधू नका. फक्त कोकिळाबाईंची आठवण ठेवा.