अम्मीला पोतं म्हणणारा ढवळ्या

अस्माच्या अम्मीला ढवळ्याने पोतं म्हटलं, आणि तेही लेखी.

ढवळ्या म्हणजे बैल नव्हे. कोल्हापूरजवळच्या पंपाच्या कारखान्यात लोखंडी ओझी वाहणारा तो यंत्रमानव होता. पांढराशुभ्र, चार चाकांचा, समोर दोन कॅमेरे. कागदोपत्री त्याचं नाव ‘वाहक-सात’ असं रुक्ष होतं. पण २०४३ सालच्या दसऱ्याला तो कारखान्यात आला, तेव्हा कामगारांनी त्याच्यापुढे नारळ फोडला, कपाळाला कुंकू लावलं आणि त्याचं नाव ढवळ्या ठेवून टाकलं. पुढे साहेबसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारू लागले.

ढवळ्याला दोन नियम पक्के ठाऊक होते. वाटेत माणूस दिसला की जागच्या जागी थांबायचं. पोतं किंवा खोकं दिसलं, तर पुढच्या फळीने हलकेच बाजूला सारायचं. दिवसभरात काय पाहिलं नि काय केलं, याची नोंदही तो स्वतःच ठेवायचा.

शनिवारची त्याची नोंद अशी होती : ‘वाटेत पोतं. सारू लागलो. पोतं नाहीसं झालं. माणूस प्रकट झाला. थांबलो.’

प्रकट झालेला माणूस म्हणजे अस्माची अम्मी, शबाना मुजावर. पंपाच्या भागांच्या कडा कानशीने घासून गुळगुळीत करायचं काम ती बारा वर्षं करत होती. फळीचा धक्का तिच्या खांद्याला लागला होता. फार नाही, पण निळं पडलं होतं. आणि एवढं होऊन कारखान्याच्या घोरपडेसाहेबांनी कागद दिला तो तिलाच! यंत्रमानवाच्या वाटेत पोतं ठेवून धोका निर्माण केल्याबद्दल सोमवारी खुलासा करा, नाहीतर कामावर येऊ नका, असं त्यात लिहिलं होतं.

“पोतं हुतंच कुठं?” अम्मी पुन्हापुन्हा म्हणत होती. “कानशींचा डबा सांडला म्हणून वेचत हुते मी. साहेब म्हणत्यात, यंत्र खोटं कशाला बोलंल?”

अम्मी त्या रात्री धड जेवली नाही. अस्मा अकरा वर्षांची होती, आणि अम्मी खोटं बोलते असं कोणी म्हटलं की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. रविवारी सकाळी तो लाल शेंडा घेऊनच ती चौगुले आजोबांच्या दारात उभी राहिली.

डॉक्टर विश्वंभर चौगुले म्हणजे ढवळ्या घडवणाऱ्या गटाचे प्रमुख. ते अस्माच्या गल्लीतच राहत. गल्लीतली बंद पडलेली घड्याळं, मिक्सर आणि रुसलेली पोरं, सगळी त्यांच्याकडेच यायची. त्यांच्या अंगणात ढवळ्याचा धाकटा भाऊ होता. उंचीला स्टुलाएवढा, पण मेंदू हुबेहूब थोरल्याचा. शिवाय दिसेल ते तो मोठ्याने सांगायचा.

अस्माचं सगळं ऐकून आजोबांनी चष्मा पुसला. “हे बघ बाळ, माझ्या ढवळ्याला खोटं बोलता येत नाही.”

“माझ्या अम्मीलापण येत नाही,” अस्मा म्हणाली.

आजोबांनी चष्मा परत चढवला. मग हसले. “असं म्हणतीस? दोघंही खरं बोलत असतील, तर कोडं झकास आहे. पोतं गेलं कुठं आणि माणूस आला कुठून? बस, चहा टाकतो.”

आजोबा आत गेले. अस्मा अंगणात घुटमळत राहिली. झाडाखाली चिंचा पडल्या होत्या, आणि राग कितीही आलेला असला तरी चिंच ती चिंचच. ती वेचायला खाली बसली.

“पोतं,” धाकटा ढवळ्या म्हणाला.

अस्मा ताडकन उठली.

“माणूस,” ढवळ्या म्हणाला.

ती परत बसली. “पोतं.” उठली. “माणूस.” बसली. “पोतं.”

“आजोबा, चहा राहू दे, आधी बाहेर या,” अस्माने हाक मारली.

आजोबा आले, त्यांनी पाहिलं, आणि चहाचं भांडं विस्तवावर आहे हेच विसरले. “थांब, घाई नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. आधी ओढणी काढ.”

अस्माने ओढणी काढली आणि ती खाली बसली. पोतं. म्हणजे ओढणीचा दोष नव्हता. खुर्चीवर बसली, तर माणूस. उभ्याने कमरेत वाकली, तरी माणूस. पण गुडघे दुमडून, टाचा टेकून उकिडवी बसली रे बसली की पोतं.

“लहान आहेस म्हणून असेल,” आजोबा पुटपुटले. झाडाचं खोड धरून ते स्वतः खाली बसू लागले. वीस वर्षांत ते असे बसले नव्हते. गुडघे कुरकुरले, चष्मा घसरला, पण बसले एकदाचे.

ढवळ्याने आपल्या जन्मदात्याकडे नीट निरखून पाहिलं. “पोतं. मोठं.”

अस्मा हसून हसून आडवी झाली. आजोबाही हसले. पण अस्माने हात देऊन त्यांना उठवलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“चूक ढवळ्याची नाही. माझी आहे,” ते म्हणाले.

“तुमची कशी?”

“मांजर कशाला म्हणायचं ते तुला कसं कळलं? व्याख्या पाठ करून?”

“नाही. अम्मी दाखवायची. हे मांजर, ते मांजर.”

“ढवळ्यालाही आम्ही तसंच शिकवलं. याला यंत्रशिक्षण (पुष्कळ उदाहरणं पाहून यंत्राने आपणहून शिकणं) म्हणतात. चाळीस हजार चित्रं दाखवली आणि सांगितलं, हा माणूस, हे पोतं, हे खोकं. त्यातून त्याने स्वतःच नमुना (सारख्या गोष्टींमधला ठरावीक आकार) शोधला. माणूस म्हणजे उभट काहीतरी, खाली दोन पाय. पोतं म्हणजे बुटकं, गोल, जमिनीला टेकलेलं. आता सांग, उकिडवं बसलेलं माणूस त्याला कशासारखं दिसेल?”

“पोत्यासारखं. पण मग तशी बसलेली माणसं का नाही दाखवली?”

आजोबांनी धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. “चित्रं आमचीच काढली होती. आम्ही नऊ जण. त्यात चार बायका होत्या, तेव्हा मला वाटलं, झालं, सगळे आले. पण आम्ही नऊही जण खुर्चीवर बसून काम करणारे. तुझ्या अम्मीसारखं जमिनीवर बसून काम करणारं आमच्यात एकही नव्हतं. आपण जे करत नाही ते राहून गेलं, हे आपल्या लक्षातच येत नाही बघ. हुशारी कमी पडली असं नाही. माणसं एकाच तऱ्हेची पडली.”

“आणि कारखान्यात तर सगळेच उकिडवे बसतात,” अस्मा म्हणाली.

“तेच तर. ज्यांच्यामध्ये ढवळ्या वावरणार, त्यांनाच आम्ही विचारलं नाही.”

आतून करपल्याचा वास आला. चहाच्या भांड्याचा पार कोळसा झाला होता.

सोमवारी आजोबा धाकट्या ढवळ्याला काखोटीला मारून कारखान्यात गेले. अस्माही गेली. घोरपडेसाहेब माणूस वाईट नव्हते. फक्त यंत्रावर त्यांचा जरा जास्त विश्वास होता. आजोबांनी त्यांना उकिडवं बसायला सांगितलं. “पोतं,” ढवळ्या म्हणाला, आणि सबंध कारखाना खो खो हसला. साहेब उठले, कपडे झटकले, आणि त्यांनी अम्मीकडून तो कागद परत मागून घेतला.

“चुकलं आमचं, शबानाताई,” ते म्हणाले.

अम्मीने पदराने तोंड पुसलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते चारचौघांत दाखवायचं नव्हतं.

आजोबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. “ताई, माझ्या ढवळ्याला शिकवाल का? मला येत नाही.”

“मी? मी सातवी शिकलेली बाई.”

“मी बराच शिकलोय, म्हणूनच राहून गेलं.”

मग आठवडाभर ढवळ्याची शाळा भरली आणि अम्मी तिची बाई झाली. “आमी काय एकाच तऱ्हेनं बसत न्हाई,” तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. कोणी मांडी घालून, कोणी एक गुडघा उभा करून, काष्टा घातलेल्या सुबाबाई पाय पसरून. बिहारहून आलेला रामखेलावन डोक्यावरून गमछा घेऊन बसायचा. कुबडी घेऊन चालणारा दत्तू तर बसताना आधी कुबडी आडवी टाकायचा. आजोबांच्या गटाला यातलं अर्धंही सुचलं नसतं. ते चित्रं काढत गेले, आणि अम्मी प्रत्येकापुढे बोट करून सांगत गेली, “ह्यो माणूस. ही पण माणूस.”

शेवटी परीक्षेचा दिवस आला. आजोबा म्हणाले की आधी कापडी बाहुला बसवू. बाहुल्यापुढे ढवळ्या दहा वेळा थांबला. मग अम्मीने पदर खोचला.

“आता मी बसते.”

“अम्मी, नको,” अस्मा म्हणाली. तो निळा खांदा तिने पाहिला होता.

“मी शिकवलंय त्याला,” अम्मी म्हणाली. “माझाच इस्वास नसंल तर बाकीच्यांनी का ठेवावा?”

थोरल्या ढवळ्याला आता धाकट्यासारखा आवाज बसवला होता. तो रिकामा होता, वेग गोगलगाईचा ठेवला होता, आणि आजोबांचा अंगठा लाल बटणावर होता. तरी अस्माची नजर त्या अंगठ्यावरून हलेना. अम्मी ढवळ्याची वाट आखलेल्या पिवळ्या पट्ट्यांमध्ये उकिडवी बसली आणि खाली बघून कानशी वेचू लागली, अगदी त्या शनिवारसारखी. ढवळ्या आला. चार हातांवर त्याची चाकं थांबली.

“माणूस. थांबलो,” तो म्हणाला. “सावकाश होऊ द्या.”

अम्मीने उठून, पुढे होऊन त्याचं कपाळ कुरवाळलं. “शाणं माजं लेकरू.”

घरी निघताना अस्माच्या डोक्यात चक्रं फिरतच होती. “आजोबा, रांगणारं बाळ दाखवलंय का ढवळ्याला? आणि चाकाच्या खुर्चीवरची माणसं?”

आजोबांनी खिशातून वही काढली. “लिहून घेतो. आता ढवळ्याची भावंडं दवाखान्यात जाणार, बाजारात जाणार. तू सुचवत राहा, आणि तुझ्या वर्गातल्या सगळ्यांनाही विचार. एकट्या तुलाही सगळं सुचायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी ढवळ्याच्या पाठीवरची पितळी पाटी बदलली. ‘घडवणारे’ या शब्दाखाली पूर्वी नऊ नावं होती, आता शिकवणाऱ्या कामगारांची धरून पंधरा झाली. दहावं नाव अम्मीचं होतं. तिने त्यावरून बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं, आणि मग घोरपडेसाहेबांकडे बघून हळूच हसली.

“साहेब, पोत्याचं नाव कधी कुणी पाटीवर लिवलंय का?”