मागच्या टायरातली हवा

माकणीच्या स्थळाला होकार दिला असता तर अक्षदाच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. मुलगा सरकारी मोजणीदार. शेताला धरणाचं पाणी. सासू मऊ बोलणारी, नणंद नाही. आणि मुलगा दिसायला… बरा. बरा म्हणजे अक्षदानं त्याच्याकडं दोनदा बघितलं होतं, आणि दुसऱ्यांदा बघायची तशी काही गरज नव्हती.

हे सगळं जमेला. खर्चाच्या बाजूला एकच बाब होती. गाडीचे पुढचे दोन टायर.

मुरुमच्या बसस्टँडजवळ रेवणप्पांचं टायरचं दुकान. रेवणप्पांची कंबर धरल्यापासून दुकान चालवायची ती त्यांची एकुलती एक मुलगी, अक्षदा. दिवसभर ती गिऱ्हाइकांवर करवादायची. "महिना झाला हवा बघितली न्हाय? आणि टायर लवकर गेला म्हणून कंपनीला शिव्या देताय व्हय?" लोक मान खाली घालून ऐकून घ्यायचे आणि पुढच्या महिन्यात तेच करून यायचे. या वैतागातून तिला एक खोड लागली होती. माणूस कसा आहे ते ती त्याच्या टायरावरून ठरवायची. पहिल्या स्थळाचे टायर मधोमध घासलेले निघाले. "हवा ठासून भरतोय, डोक्यातपण तेवढीच असंल," म्हणून नकार. दुसऱ्याचा टायर एकाच कडेनं खाल्लेला. "गाडी एकीकडं ओढतीय हे माहीत असून वर्षभर स्टेअरिंग दाबून बसलाय. संसारात काय करंल?" म्हणून नकार.

आणि हे तिसरं.

गौरी-गणपतीचे दिवस होते. आत माकणीची मंडळी चुरमुऱ्यांचा सुशीला खात बसली होती. चहाचा ट्रे ठेवून अक्षदा मागच्या दारानं सटकली, इस्त्रीची साडी गुडघ्यापाशी खोचून पांढऱ्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली आणि टायरावरून अंगठा फिरवू लागली. मधली नक्षी शाबूत. दोन्ही कडा मात्र गुळगुळीत.

"काही हरवलं का?"

ती दचकली. मोबाईल कानाला लावायच्या निमित्तानं बाहेर आलेला मुलगाच मागं उभा होता. कृष्णराज.

"हवा," ती म्हणाली.

"काय?"

"हवा हरवलीय. तुमच्या टायरातली. बऱ्याच महिन्यांपासून."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडते, ही नोंद अक्षदानं इच्छा नसताना करून घेतली.

"चाकांचं अलाइनमेंट कधी केलं होतं?"

"अं… ते…"

"गाडी तुमचीच ना?"

"हो— म्हणजे…" त्यानं दाराकडं बघितलं. दारात बंडप्पा काका, सोयरीक जुळवणारे, घसा खाकरत उभे होते. "…बघतो मी हवेचं."

"बघा," अक्षदा उठली. बोटाला लागलेली काळी धूळ साडीला पुसणार तेवढ्यात त्यानं खिशातला रुमाल पुढं केला. तिनं तो घेतला, बोटं पुसली, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून रुमाल तसाच मुठीत घेऊन आत गेली.

संध्याकाळी नकार. रेवणप्पांनी कपाळावर हात मारून घेतला.

"आमी पोरगा बघायला बोलावतो, टायर न्हाय! तुला लग्न चाकाशी लावायचंय का पोराशी?"

"अप्पा, ज्याला चार चाकांकडं बघायला वेळ न्हाय…"

"बंडप्पाला काय सांगू?"

"जे आहे ते सांगा."

रेवणप्पांनी सांगितलं, बंडप्पांनी शब्द न गाळता माकणीला पोचवलं. पुढं पितृपंधरवडा लागला. त्यात सोयरिकीचा विषय कोण काढतंय? अक्षदा सुटली. रुमाल धुऊन, घडी घालून दुकानाच्या गल्ल्यात पडून होता. परत कुणाला द्यायचा?

खंडेनवमीला दुकानात पूजा झाली. पाने, जॅक, टायर उचकटायच्या सळ्या, हवेचं गेज, सगळं पुसून पाटावर मांडलेलं, हळदीकुंकू लावलेलं. कॉम्प्रेसरच्या गळ्यात झेंडूचा हार. पूजेला बसलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही, हा रेवणप्पांचा कडक नियम. आरती करून ते घरी जेवायला गेले. प्रसादाला येणाऱ्या शेजाऱ्यांसाठी अक्षदा थांबली. बाहेर परतीचा पाऊस भुरभुरत होता. ओल्या मातीचा, रबराचा आणि झेंडूचा असा एकत्र वास दुकानात कोंडला होता.

आणि एक मोटरसायकल थेट दारात येऊन थांबली. कृष्णराजनं ती स्टँडवर चढवली. केसांतून पाणी निथळत होतं. तो चिडलेला होता आणि चिडायची सवय नसल्यामुळं त्याला ते नीट जमत नव्हतं.

"बघा," तो म्हणाला.

"काय?"

"टायर. ही माझी गाडी. त्या दिवशीची मामांची होती. मागून आणली होती. बंडप्पा काका म्हणाले, पोरीकडं जाताना गाडीनं जायचं आणि कुणाची ते सांगायचं न्हाय. आता ही बघा… आणि मग नाकारा."

आसपासच्या गावांत पोरी बघायला जाणारी निम्मी पोरं मागून आणलेल्या गाडीतून जातात, हे अक्षदाला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. मग पहिल्या दोघांचे तरी टायर त्यांचेच होते का? तिनं तो विचार घाईनं बाजूला सारला.

"आज गेज उचलता येत न्हाय," ती पाटाकडं बोट दाखवत म्हणाली. "हत्यारं बसलीत."

"ठाऊक होतं." त्यानं डिकी उघडून फडक्यात गुंडाळलेलं स्वतःचं गेज काढलं. "मोजा."

ती खाली बसली. नक्षी सारखी घासलेली, खाचांत अडकलेला एक खडा नाही, वॉल्व्हवर टोपण. पुढच्यात हवा बरोबर. मागच्यात अठ्ठावीस, तीही बरोबर. तिनं उगाचच दुसऱ्यांदा मोजली. तो बाजूला उकिडवा बसला होता, इतका जवळ की त्याच्या बाहीवरचं पाणी तिच्या मनगटावर ठिबकत होतं.

"काय निघालं?"

"…ठीक आहे."

"ठीक?"

"चांगले आहेत! झालं समाधान?"

"न्हाय." त्यानं गेज तिच्या हातातून काढून घेतलं, उठला आणि दुकानाच्या कडेला उभ्या स्कूटीकडं गेला. मागच्या टायराला गेज लावलं. मग अंगठा फिरवला. टायर घोटलेल्या दगडासारखा गुळगुळीत.

"ही कुणाची?"

अक्षदा कॉम्प्रेसरच्या हाराकडं बघत राहिली.

"मॅडम, ही कुणाची?"

"माझी," ती पुटपुटली. "गिऱ्हाइकांचं करता करता राहून जातं."

"हवा निम्मी. नक्षी नावाला न्हाय. या टायरावरून मी तुम्हाला काय समजू?"

"समजा काय समजायचं ते!" ती उसळली. मग तिनं शटरकडं बघितलं. "अप्पांना आता वाकता येत न्हाय. मी माकणीला गेले तर आठ दिवसांत या शटरला कुलूप लागंल. हातात काम नसलं की हा माणूस खचतो… मी बघितलंय. हे त्यांच्या तोंडावर कसं सांगू? ते स्थळं आणतात, मी…"

"तुम्ही टायर बघता."

पत्र्यावर पावसाचा जोर वाढला.

"आहो, मग सरळ सांगायचं ना!" कृष्णराजनं दोन्ही हात डोक्याला लावले. "त्या दिवशी तुम्ही हवा विचारली, अलाइनमेंट विचारलं. माझी कचेरी कुठं आहे, ते विचारलं का?"

"कुठं आहे?"

"उमरग्याला! माकणीहून रोज तिथवर मरमर जातो. मुरुमहून ते कितीतरी जवळ. घरी थोरला भाऊ आहे, शेत तो बघतो. मी मुरुमात खोली बघतोच आहे, उन्हाळ्यापासून." तो थांबला. आता मात्र त्याचे शब्द अडखळले. "इथं राहिलो तर… माझ्या टायरांचं आयुष्य वाढंल. तेवढंच म्हणायचं होतं."

"तेवढंच?"

"…आणि माझा रुमाल."

अक्षदा गल्ल्याकडं गेली. रुमाल काढला. त्याच्या हातावर ठेवताना तिच्या लक्षात आलं की आपण त्याला इस्त्रीही केली होती. त्याच्याही लक्षात आलं. खळी पडली. दुष्ट खळी.

"येतो मग," तो गाडीवर बसला. किल्ली फिरवली. उत्तर न घेता निघालेल्या माणसाची पाठ कशी दिसते, ते ती एक क्षण बघत राहिली, आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

"थांबा! मागच्या टायरात हवा कमी आहे."

त्यानं मान वळवली. "आत्ताच तर बरोबर म्हणालात."

"एकट्यासाठी बरोबर." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मागं कुणी बसणार असंल तर… जास्त लागते."

कृष्णराजनं गाडी बंद केली.

"भरा मग."

"आज न्हाय. कॉम्प्रेसर बसलाय. उद्या या, दसऱ्याला. आणि एकटे येऊ नका, घरच्यांना आणा. अप्पांना दुकानाचं तुम्ही सांगायचं, मला जमणार न्हाय."

"आणि कुणाची गाडी आणू?"

"मामांची आणलीत तर दारात उभी करू देणार न्हाय!"

तो हसत गेला. माकणीची मंडळी दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं घेऊन एसटीनं आली, कृष्णराज आपल्या मोटरसायकलवर. रेवणप्पांनी जावयाचं सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि पोरीवर खेकसले, "हे आधी बोलायला काय झालतं? टायराला कशाला मधी घेतलंस?" मग स्वतःच्या हातानं हार काढून त्यांनी कॉम्प्रेसर चालू केला, आणि पूजेनंतरची पहिली हवा कृष्णराजच्या मागच्या चाकात गेली.

आता शेवटचा हिशेब. अक्षदाला नवरा मिळाला आणि दुकानही राहिलं. रेवणप्पांना लेक आणि वर जावई. कृष्णराजच्या टायरांना आयुष्य, स्कूटीला नवा टायर. बंडप्पा काकांना फेटा, आणि आपली युक्तीच लागू पडली असं गावभर सांगायची मुभा.

लग्नाला नवरदेव मामांच्या पांढऱ्या गाडीतून यायचा ठरला होता. नवरीनं निरोप धाडला की त्या टायरांवर माझा नवरा बसणार नाही. चार नवे टायर, अलाइनमेंट, सगळं रेवणप्पांच्याच दुकानात झालं. सोयरे म्हणून काही सूट, असं मामांनी विचारून बघितलं.

"हवा फुकट," अक्षदा म्हणाली.

बाकी सगळं भरलं मामांनी. बिचाऱ्यांनी भाच्याला फक्त एकदा गाडी दिली होती.