दारापासून बाकापर्यंत अकरा फरश्या

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलं की अर्धी गोष्ट भिंतीच ऐकतात. आज दगडाची गोष्ट सांगतो. दगडाची म्हणजे शेवटी माणसांचीच. खुणा सगळ्या वाटेवरच टाकून ठेवल्या आहेत, फक्त चित्त द्या.

सकाळी नऊच्या सुमाराला गवंड्याची लेक मावशीच्या दारात उभी राहिली. मावशी खाजगी तपास करायची. साऱ्या गावाची ती मावशी. वहिनी म्हणणारे एकटे तिचे दीर. हे भाऊजी निवृत्त चित्रकला शिक्षक. हात चपळ, डोकं जरा सावकाश, आणि हे त्यांना स्वतःलाही मान्य होतं.

"बाबांनी महिनाभर हातोडी उचलली नाही," लेक म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी एका बागेत त्यांनी वाळूच्या दगडाच्या फरश्या बसवल्या. आता त्यांचे पापुद्रे निघतायत. घरमालक म्हणतो, पक्का दगड दाखवला आणि कच्चा बसवला. उद्या दवाखान्याच्या अंगणाचं काम ठरणार आहे, आणि तो तिथे जाऊन हेच सांगणार. पैसा गेला तर येतो, मावशी. नाव गेलं तर बाबा अंथरुणाला खिळतील."

"दगड पारखला कुणी?"

"बाबांनीच. हातोडीने वाजवून. खणखणीत बोलली तर ठेवायची, बद्द बोलली तर परत. मग दिवसभर पाण्यात बुडवून बघायचं, किती पाणी पिते ते."

वाटेत दगडाची वखार लागली. वखारवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "त्यांचं नाव काढू नका. चाळीस फरश्यांसाठी शंभर वाजवल्या. गिऱ्हाइकं विचारायची, इथे घंटा मिळतात का. आणि सगळ्या एकाच ठोकळ्यातल्या हव्यात, हा वर हट्ट."

बागेत घरमालक हाताची घडी घालूनच उभा होता. "बघा, हे काम. डोळ्यांत धूळफेक."

भाऊजींनी वही काढून चाळीसच्या चाळीस फरश्या रेखाटल्या आणि खराब होत्या त्यांवर फुल्या मारल्या. फुल्या अकरा झाल्या, मागच्या दारापासून बाकापर्यंत, एकीपुढे एक. फरश्यांतली तांबूस रेघही त्यांनी काढली. ती एका चांगल्या फरशीतून निघून शेजारच्या खराब फरशीत सरळ शिरत होती.

मावशी खाली बसली. पापुद्र्याखाली पांढरी भुकटी होती. तिने बोट लावलं आणि जिभेला टेकवलं.

"वहिनी, काहीही काय तोंडात घालता?"

"तुम्ही चित्र काढा, भाऊजी."

माळी म्हणाला, "या वाटेच्या कडेची रोपं दोन वर्षं करपत होती. पाणी घालून थकलो. यंदा आपली आपण फुटली. शेवाळही यंदाच आलं बघा. आजी होत्या तोवर हिरवा ठिपका नव्हता. ही वाट त्या पहाटे स्वतः झाडायच्या, मला हात लावू देत नसत."

"आजी?"

"माझी आई," घरमालक म्हणाला. "गेल्या उन्हाळ्यात गेली."

बाकावर आबा बसले होते, घरमालकाचे वडील, काठी गुडघ्यांत धरून. मावशी शेजारी टेकली. "आबा, कधी घसरलात इथे?"

"एकदाच. फरश्या नव्या होत्या त्या पावसाळ्यात. मी म्हटलं, आता खोलीतच बसतो. ही म्हणाली, बसा बघू, मी पण बघते. मग पुन्हा कधी नाही घसरलो. परवा मात्र जरा पाय सटकला."

तेवढ्यात अवजारांच्या खोलीतून भाऊजी लंगडत आले. "पायात धोंडा आला. धोंडा कसला, अर्धं पोतं जाड मीठ. दगड झालंय त्याचा."

"आई गेल्यापासून कुणी हलवलंच नाही ते," घरमालक म्हणाला.

मावशीने गवंड्याला बोलावून घेतलं. तो आला, खाली मान घालून उभा राहिला. मावशीने वही उघडली.

"कच्चा दगड खपवणारा तो कोपऱ्यात, कुंड्यांखाली लपवतो. दारापासून बाकापर्यंत रांगेत मांडत नाही. आणि ही तांबूस रेघ दोन्ही फरश्यांत एकच आहे. ठोकळा एकच, दगड एकच. म्हणजे दगड बदलला नाही. या अकरांवर काहीतरी पडत होतं. भुकटी खारट लागली. मिठाने शेवाळ मरतं, तशी कडेची रोपंही करपतात. पावसाबरोबर मीठ दगडात उतरतं, ऊन पडलं की आतल्या आत खडे धरतं आणि पापुद्रा उचलतं. आपल्याला दिसायला दोन-तीन वर्षं लागतात."

"पण टाकलं कुणी, वहिनी?" भाऊजींनी विचारलं.

"मीठ थांबलं कधी? रोपं फुटली, शेवाळ आलं, आबांचा पाय सटकला, सगळं यंदा. आणि पहाटे ही वाट दुसऱ्या कुणाला झाडू न देणारं माणूस एकच होतं."

आबांनी काठी बाजूला ठेवली, वाकून फरशीवर तळवा टेकवला. "मला बोलली नाही कधी."

"बोलल्या असत्या तर तुम्ही खोलीतच बसला असता," मावशी म्हणाली.

घरमालकाने हाताची घडी सोडली. "गवंडीदादा, चुकलो मी. उद्या दवाखान्यात येतो. जे आहे ते सांगेन."

गवंड्याने मान वर केली. एका खराब फरशीशी बसून ती बोटांनी वाजवली. "जीव आहे अजून. काढून पाण्यात ठेवू, पाणी बदलत राहू. मीठ निघालं की उलट्या करून बसवतो. आणि शेवाळाला नुसतं पाणी नि ताठ ब्रश. रोज."

"ब्रश माझ्याकडे," घरमालक म्हणाला.

"दहाच काढा," आबा म्हणाले. "बाकापुढची ही राहू दे."

झाली गोष्ट. आता उठा, सावकाश. बाहेर ओलं आहे. जमिनीवर पाय घट्ट टेकला, की आपल्या आधी उठून वाट कुणी झाडली ते मनात आणा. आणि त्या आजीचीही एक आठवण ठेवा.