पाखराचा दाणा

सोलापुरात मार्च लागला की आमच्या गिरणीतले साहेब काहीतरी निमित्त काढून माझ्या खोलीत येऊन बसायचे. संगणकाचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. गिरणीतलं एकुलतं एक थंड हवेचं यंत्र माझ्याकडे होतं. मीही काही मोठा शास्त्रज्ञ नव्हे. बी.एस्सी. झालेला, फोरट्रान भाषा शिकलेला साधा जोतीराम. त्या १९७९ सालात चादरींच्या नक्षीचे पुठ्ठे संगणकाकडून पाडून घेणं, एवढंच माझं काम. पुठ्ठ्यातल्या भोकांवरून मागाला कळायचं, कुठला धागा उचलायचा.

नक्षी गैबीसाबचाचांची. तीस वर्षं ते आलेखाच्या कागदावर जवारीची कणसं काढत होते, आणि प्रत्येक कणीस वेगळं. बार्शीचा महिपती मुंबईहून सी नावाची नवी भाषा शिकून आला, महिनाभर चाचांशेजारी बसला आणि त्यांच्या हाताची रीत त्याने प्रोग्रामच्या चाळीस ओळींत बसवली. इतकं नेटकं काम मी पुन्हा पाहिलं नाही. माझ्या फोरट्रानमधून त्या तुकड्याला नक्षीच्या ओळीचा क्रमांक देऊन हाक मारायची. तो त्या ओळीतले धागे सांगून परत यायचा.

"एक ध्यानात ठेव," मुंबईला परत निघताना महिपती म्हणाला. "तुझी भाषा आकडा देत न्हाय, आकडा ठेवलेल्या जागेचा पत्ता देते. पलीकडचा आत येऊन काय बी बदलू शकतो."

मी हसण्यावारी नेलं.

एक गोष्ट मात्र महिपतीलाही ठाऊक नव्हती. प्रत्येक कणसातला एक दाणा चाचा रिकामा ठेवायचे, पाखराचा वाटा म्हणून. संगणकाने भरगच्च कणीस दिलं की ते हळूच एक भोक कागदाने बुजवायचे.

त्याच मार्चमध्ये चाचांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. कुंभारीला घरी पडून होते. मुलीच्या, रुक्सानाच्या लग्नासाठी विणायला घेतलेली चादर अपुरी राहिली. दोनशे चाळीस ओळींपैकी एकशे ब्याण्णव ओळींचीच माहिती त्यांनी आम्हाला दिली होती.

मंगळवारी दुपारी अडीचला माझ्या चुकीने संगणकाने एकशे त्र्याण्णवावी ओळ मागितली. तिथे काही भरलेलंच नव्हतं, तेव्हा कचरा यायला हवा होता. आला कणसाचा पुढचा भाग, धाग्याला धागा जुळणारा. मी दोनशेपर्यंत गेलो. कणीस पुरं झालं. त्यातला एक दाणा रिकामा होता.

प्रोग्राम चारदा तपासला. काही सापडलं नाही. पण ते कणीस इतकं देखणं होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग रोज अडीचला मी दहा दहा ओळी मागू लागलो.

शनिवारी दोनशे एकोणचाळिसावी ओळ आली तेव्हा रुक्साना दारात उभी होती.

"मंगळवारपास्नं अब्बांचा हात हलतोय," ती म्हणाली. "रोज अडीचला. पुठ्ठा टोचल्यागत बोटं चालत्यात. मग निपचित पडत्यात. दिसंदिस जास्तच."

हात दाखवून अवलक्षण नको म्हणून मी तिथेच थांबलो. एका ओळीने चादर अपुरी राहिली तर राहू दे, माणूस जगू दे.

सोमवारी सकाळी ती परत आली. रडून डोळे सुजले होते. शनिवारी वर गेलेला हात खाली येतच नव्हता, आणि चाचांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

"तुमी हितं काय करताय मला ठाऊक न्हाय, जोतीरामभाऊ. पण ते पुरं करा की. अब्बा ताटकळल्यात."

अडीच वाजता मी दोनशे चाळीस आकडा देऊन हाक मारली.

संगणक थांबला. आठ मिनिटं काहीच परत आलं नाही.

मग पुठ्ठा पडला.

कुंभारीला चाचांचा हात त्याच वेळी खाली आला. पाणी प्यायले, मुलीकडे पाहून हसले, झोपले. ते उठले नाहीत.

लग्न दिवाळीनंतर झालं. मांडवातला जो तो त्या चादरीवरून हात फिरवत होता.

त्या सोमवारचा छापील कागद मी जपून ठेवलाय. पत्ता दिलेल्या जागेत मी २४० ठेवले होते. हाक परत आली तेव्हा तिथे १ होता, नव्या नक्षीची पहिली ओळ.

मला साधी रेघ सरळ मारता येत नाही. पण तेव्हापासून दुपारी अडीचला माझा उजवा हात आपोआप वर जातो. आज टेबलावरच्या आलेखाच्या कागदावर एक नवं कणीस आहे. मी दाणे मोजले. एक रिकामा आहे.