टिंबाच्या पुढची बोट

नकाशावर 'टिटवी'चं हिरवं टिंब धक्क्यापासून छत्तीस मीटर दूर होतं, आणि तरीही पुढच्याच क्षणी बोट धक्क्यावर आदळली. हे कसं झालं?

टिटवी ही आमच्या कांदळी बंदराची आपोआप चालणारी प्रवासी बोट. प्रवासी नुसते हादरले, पण दोर बांधणारा आमचा यंत्रमानव बाब्या मध्ये चिरडला. त्या सकाळी दाट धुकं होतं. बोट अजून दूर आहे असं समजून तो धक्क्याला लटकवलेले टायर नीट लावायला कडेला उतरला होता. सगळ्या गाठी मला त्यानेच शिकवल्या होत्या.

आजोबांचा जन्म बोटींवर यंत्रं बसवण्यात गेलाय. मी त्यांनाच विचारलं, "टिंब खोटं बोललं का हो?"

"नाही गो चारू. ट्रान्सपॉन्डर (बोटीचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र) खरंच सांगत होता. पण टिंब म्हणजे अख्खी बोट नव्हे. बोटीवरची अँटेना (उपग्रहांचे संदेश झेलणारी दांडी) जिथे असते, तिथे टिंब दिसतं."

"मग बोटीचं टोक कुठे आहे, ते कसं कळतं?"

"ते माणसाने मोजून यंत्रात भरायचं. टिटवी चाळीस मीटर लांब. अँटेना पुढच्या टोकापासून पाच मीटरवर होती. गेल्या महिन्यात ती मागे हलवली. आता टोक तिच्या पस्तीस मीटर पुढे असतं. यंत्रात मात्र जुना पाचच राहिला."

मी वजाबाकी केली. छत्तीसातून पाच गेले, एकतीस. बोटीला आणि बाब्याला वाटलं, अजून एकतीस मीटर आहेत. खरं तर एकच उरला होता.

"नवा आकडा कोण भरणार होतं?"

"मी." आजोबांनी चष्मा काढला. "उद्या भरू म्हटलं, आणि विसरलो."

मला रडूच फुटलं. अँटेना हलवली त्या संध्याकाळी "घावणे गार होतायत" म्हणत त्यांना घरी ओढत नेणारी मीच होते. तसं मी सांगितलंही.

"काम माझं होतं, बाळा," एवढंच म्हणून त्यांनी चौकशीच्या कागदावर लिहिलं, 'चूक माझी.'

मग आम्ही टेपने टिटवी मोजली. एक टोक मी धरलं. दोनदा मोजली आणि आकडा तिथल्या तिथे भरला.

महिन्याने बाब्या दुरुस्त होऊन आला. आजोबांनी त्याला नवी सवय लावलीय. आता तो येणाऱ्या प्रत्येक बोटीला आधी विचारतो, "मोजमाप कधी घेतलं?" पुढे बोटी स्वतःच स्वतःला मोजतील, असं आजोबा म्हणतात.

पण बाब्याच्या जुन्या आठवणी पुसल्या गेल्यात. मला पाहून त्याने विचारलं, "आपण कोण?"

मी नाव सांगितलं. मग दोर घेतला आणि त्याने मला शिकवलेली पहिली गाठ त्याला शिकवायला बसले.